पेशंटसोबत कोण आहे?

प्रतिक्षा सिस्टरनं आयुष्यात सगळ्यात जास्त वेळा कुठलं वाक्य उच्चारलं असेल, तर ते म्हणजे, "पेशंटसोबत कोण आहे?" होटगी रोडच्या त्या खाजगी दवाखान्यात माणूस स्ट्रेचरवरून आत आला, की त्याचं नाव-गाव नंतर, आधी हा प्रश्न. औषधं आणायला कोण आहे, सही करायला कोण आहे, आणि मुख्य म्हणजे बोलायला कोण आहे. कारण पेशंटला काय झालंय हे पेशंट सोडून बाकी सगळ्यांना सांगायची आपल्याकडे रीत आहे. जावयाला सांगतात, मेहुण्याला सांगतात, गावाकडून उभ्या उभ्या भेटायला आलेल्या सरपंचालाही सांगतात. पेशंट मात्र खाटेवर पडून वरचा पंखा बघत असतो. त्याच्यासाठी एकच वाक्य राखून ठेवलेलं असतं: काही नाही हो, साधंच आहे, होईल बरं.

हे 'होईल बरं' प्रतिक्षाइतकं गोड कुणाला म्हणता येत नसे. पोरगी बुधवार पेठेत वाढलेली. घरात मराठी, शाळेच्या वाटेवर दखनी, आई ज्या टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवायची तिथल्या बायकांची तेलुगू, आणि पुढं अक्कलकोटकडच्या पेशंटांनी शिकवलेली कानडी. वळसंगची एखादी म्हातारी भेदरून आली, की ही तिला कानडीत आधी जेवणाचं विचारायची. म्हातारी तिचा हात धरून ठेवायची आणि सुई कधी टोचली ते तिला कळायचंही नाही. अशी चार भाषांत धीर देणारी बाई. पाचवी भाषा मात्र तिची वैरीण निघाली.

ती म्हणजे इंग्रजी. येत नव्हती असं नाही हो. मराठी शाळेतल्या पोरीनं नर्सिंगची जाडजूड पुस्तकं इंग्रजीतून पचवली होती, कुणी हसायचं कारण नाही. पण परदेशात नर्स म्हणून जायचं तर एक परीक्षा असते आणि तिच्यात बोलावं लागतं. समोर एकजण पेशंटचं सोंग घेऊन बसतो. तुमच्या हातात एक कार्ड देतात, त्यावर आजार लिहिलेला, आणि म्हणतात, हा तुमचा पेशंट, बोला. वाचणं, लिहिणं, ऐकणं यांत प्रतिक्षा पास. बोलण्यात दोनदा आपटली.

परदेशात कशाला जायचं, असं लोक विचारायचे तेव्हा ती 'करिअर' म्हणायची. खरं कारण होतं थकवा. सगळी तरुण वर्षं उभ्यानं गेली होती. ड्युटीवरून आली की पायाला चपलेचे वळ उठलेले असायचे. स्थळं येत, ड्युटीच्या वेळा ऐकत आणि अर्धा चहा तसाच ठेवून जात. धाकटा भाऊ सुमित होटगीला रेल्वेत लागला, लग्न करून तिकडं क्वार्टरमध्ये राहायला गेला, आणि बुधवार पेठेतल्या दोन खोल्यांत प्रतिक्षा आणि तिची आई मुक्ताबाई एवढ्याच उरल्या. इथंही मरमर, तिथंही मरमर, पण तिथं म्हणे एका नर्सकडं मोजकेच पेशंट असतात आणि नर्सला बसायला खुर्ची असते. माणसाची स्वप्नं लहान होत होत कुठं येऊन थांबतात बघा. हिची खुर्चीपाशी थांबली होती.

पहिल्या परीक्षेच्या वेळी ती ज्या क्लासला गेली, तो भारी शब्दांचा कारखाना होता. साधा शब्द वापरला की तिथं तोंड वाकडं करायचे. प्रत्येक उत्तरात दोन-तीन तरी असे शब्द हवेत, की ऐकणाऱ्यानं चष्मा पुसला पाहिजे. प्रतिक्षानं ते शब्द भाकऱ्या थापता थापता पाठ केले. परीक्षेत गुडघा धरून बसलेल्या त्या खोट्या म्हाताऱ्याला ती म्हणाली, तुमचं पेन एक्सक्रुशिएटिंग आहे आणि आम्ही ते अलिव्हिएट करू. म्हातारा म्हणाला, "सॉरी?" तिनं तेच वाक्य पुन्हा सांगितलं, फक्त जास्त मोठ्यानं. निकाल काय लागायचा तो लागला.

मग एकनाथ सर भेटले. ज्युनिअर कॉलेजातून रिटायर झालेले, पार्क चौकाजवळ एका दुकानाच्या माडीवर क्लास घेणारे. एके काळी तिथं जिन्यात बसून पोरं शिकायची. आता मोबाइलच सगळं शिकवतो, त्यामुळं चार-दोन टाळकी. सरही दमलेले होते. शिकवता शिकवता त्यांचे डोळे मिटायचे, पण चूक कानावर पडली की लगेच उघडायचे.

सरांची पद्धत सोयरिकीची. ते म्हणत, "शब्दाचा अर्थ पाठ करू नको, त्याचे सोयरे पाठ कर. आपल्याकडं ताप येतो, सर्दी होते, ठेच लागते. ठेच झाली असं म्हणतं का कुणी? तसंच तिकडं. पाऊस हेवी, चहा स्ट्राँग. हेवी चहा म्हणालीस की सोयरीक मोडली, वरात दारातनं परत." त्यांचा दुसरा नियम असा, की नवा शब्द शिकलात तर पुढच्या क्लासच्या आधी तो जिवंत माणसावर वापरायचा. आरशासमोर नाही, मोबाइलसमोर नाही. आणि वापरून काय झालं ते येऊन सांगायचं.

या पद्धतीनं प्रतिक्षाचं इंग्रजी खरंच सुधारलं. भारी शब्द गळाले, साधे शब्द आपापल्या जोडीदारासह येऊन बसले. दुसऱ्या परीक्षेला ती बेताच्या का होईना, पण आत्मविश्वासानं गेली. कार्ड मिळालं: रिपोर्ट वाईट आलाय, पेशंटला सांगा. समोरची बाई छान बोलत होती, हीसुद्धा छान बोलत होती. मग बाईनं विचारलं, "इज इट समथिंग सीरियस?" आणि प्रतिक्षाच्या तोंडून, इतक्या वर्षांची सवय, आपोआप निघालं, "इज एनी रिलेटिव्ह विथ यू?"

बाई म्हणाली, "नो वन इज विथ मी. टेल मी."

प्रतिक्षानं दाराकडं बघितलं. जणू दारातून त्या बाईचा एखादा जावई येणार होता. कुणी आलं नाही. मग तिनं आपलं हुकमी वाक्य इंग्रजीत केलं, काळजी करू नका, सगळं ठीक होईल. बाईनं पुन्हा विचारलं, हिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि वेळ संपली.

हे ऐकून एकनाथ सर आधी पोट धरून हसले. चष्मा काढून डोळे पुसले. मग म्हणाले, "प्रतिक्षा, इंग्रजीत तू कुठंच चुकली नाहीस. मला सांग, मराठीत कुठल्या पेशंटला असं तोंडावर सांगितलंयस कधी?"

"न्हाई सर."

"कानडीत? दखनीत?"

ती वहीचा कोपरा दुमडत बसली.

"मग इंग्रजीत कुठून येणार? जे आपल्या भाषेत कधी बोललो नाही, ते परक्या भाषेत शब्द पाठ करून येत नसतं." सरांनी तिला रीत सांगितली. आधी एका वाक्यात सूचना द्यायची, की बातमी चांगली नाही. मग थांबायचं. मग आजाराचं साधं, सरळ नाव घ्यायचं. पुन्हा थांबायचं. मधली जागा 'होईल बरं'नं भरायची नाही. "ते गप्प बसणं तुला जमत नाही. त्याचीच प्रॅक्टिस कर. घरी कुणाला तरी पेशंट करून बसव."

घरी कोण होतं? मुक्ताबाई. कारखाना सुटल्यापासून तिला दुपारी करमत नसे, त्यामुळं पेशंट व्हायला ती एका पायावर तयार झाली. इंग्रजीचा गंध नाही, पण प्रतिक्षानं तिला पेशंटची वाक्यं घोकून दिली. "सिष्टर, व्हाट इज राँग विथ मी?" आणि "नो वन इज विथ मी. टेल मी." मुक्ताबाई खाटेवर पदर नीट घेऊन बसायची आणि असा काही चेहरा करायची, की खऱ्या पेशंटनं शिकावं.

"म्हंजी माज्यासंगं कुणीच न्हाय, असं म्हनायचं व्हय?" तिनं पहिल्या दिवशी विचारलं होतं.

"व्हय. तू एकटी आलीस दवाखान्यात."

"एकटी कशी यीन मी? आन् पोरं कुटं गेली माजी?"

"आई, परीक्षेतली हायस तू. तुला पोरं न्हाईत."

"बरं बाई," मुक्ताबाई म्हणाली, "परीक्षेपुरतं न्हाईत." आणि इंग्रजी बोलतेय म्हणून पौर्णिमेला विहारात जाऊन चार बायकांना सांगून आली.

चांगलं चाललं होतं. तिसऱ्या परीक्षेची तारीखही ठरली, पुण्याला. आणि मग मुक्ताबाईच्या गालात आतून जी जखम झाली होती, मिश्रीनं होते तशी, ती बरी होईना. तिखट सोसेना म्हणता म्हणता गरम चहाही सोसेना. प्रतिक्षा तिला आपल्याच दवाखान्यात घेऊन गेली. तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला त्या दिवशी ती बाहेर बाकावर आईशेजारी बसली होती, अंगात युनिफॉर्म नव्हता, आणि आतून नव्या सिस्टरनं हाक दिली, "मुक्ताबाईंच्या सोबत कोण आहे?"

"मी," म्हणून प्रतिक्षा उठली. आई बाकावरच राहिली.

आत डॉक्टरांनी सांगितलं ते तिला निम्मं आधीच कळलं होतं. बाहेर येईपर्यंत तिनं चेहरा पुसला आणि आईला म्हणाली, "काय न्हाई, साधा अल्सर हाय. व्हिटॅमिन कमी पडलंय. होईल बरं." हे वाक्य तिला इतकं पाठ होतं, की आवाज जरासुद्धा हलला नाही. याचा तिला त्याच दिवशी संताप आला, पण करणार काय? होटगीहून सुमित धावत आला. तो म्हणाला, "ताई, आईला काय बोलू नको हं. खचंल ती." दोघांनी झाकली मूठ झाकलेली ठेवायची ठरवली.

परीक्षा रद्द करावी असं तिला फार वाटलं. पण रद्द केली तर आई विचारणार, का? म्हणून आता परीक्षेसाठी नाही, तर आईला संशय येऊ नये म्हणून अभ्यास चालू राहिला. याहून दमवणारं काम प्रतिक्षानं आयुष्यात केलं नव्हतं. ड्युटीवरून यायचं, पायावर गार पाणी ओतायचं आणि आईसमोर कार्ड घेऊन बसायचं. कार्डं ती निवडून काढायची. शुगर, बीपी, मोडलेला हात. मुक्ताबाई दुखऱ्या गालानं, शब्द एका बाजूला सारत, "टेल मी" म्हणायची, आणि प्रतिक्षा तिला इंग्रजीत सांगायची की तुमच्या हाताला प्लास्टर घालावं लागेल. आई मान डोलवायची. रात्री भाकरी दुधात कुस्करून खायची. दोघी एकमेकींकडं बघून हसायच्या आणि दोघींनाही जेवण जायचं नाही.

एके दिवशी दुपारी सुमित आला. चहा पिता पिता अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाला, "आई, सोमवारी आपल्याला बार्शीला जायचंय. तितं दाताचा लई चांगला डॉक्टर हाय."

आता, बार्शीचा मोठा दवाखाना कुठल्या आजाराचा आहे हे आपल्या जिल्ह्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण घाबरलेल्या माणसाची अक्कल तेवढीच चालते. मुक्ताबाईनं बशीतला चहा फुंकला. "मला दातच किती राह्यलेत," म्हणाली, "त्यांच्यासाठी बार्शी कशाला?" सुमितनं चप्पल घातली आणि तो ड्युटीला म्हणून निघून गेला.

प्रतिक्षा कपबश्या विसळायला उठली, तर आई खाटेवर जाऊन, पदर घेऊन बसलेली.

"ये की. प्रॅक्टिस न्हाय व्हय आज?"

"ऱ्हाऊ दे आई. लई दमलेय."

"तू रोजच दमतीस. बस."

प्रतिक्षा बसली. हाताला येईल ते कार्ड घेतलं, सांधेदुखीचं निघालं. "गुड आफ्टरनून," तिनं सुरुवात केली, "हाऊ कॅन आय हेल्प यू?"

मुक्ताबाईनं गुडघ्याला हात लावायचा होता. तिनं गालाला लावला. "सिष्टर," ती म्हणाली, "व्हाट इज राँग विथ मी?"

"आई, गुडघा. आज गुडघा दुखतोय."

आईनं हात काढला नाही. "नो वन इज विथ मी," ती सावकाश म्हणाली. जीभ जखमेला लागत होती, डोळ्यांत पाणी येत होतं, पण वाक्य तिनं पुरं केलं. "टेल मी."

प्रतिक्षानं दाराकडं बघितलं. दारात सुमितची चप्पल नव्हती. सोबत कोण आहे, असं विचारायला ओठ उघडलेसुद्धा, आणि मग तिला कळलं की हे विचारायची सोय आता उरली नाही. सोबत तीच होती. मराठीत तिच्यापाशी यासाठी एकही वाक्य नव्हतं. 'होईल बरं' सोडून काहीच नव्हतं. तिला तिथून उठून पळून जावंसं वाटलं, आणि सरांनी घोकून घेतलेलं तेवढंच हाताशी आलं.

"आय हॅव युवर रिपोर्ट," ती म्हणाली. "इट इज नॉट गुड न्यूज."

आणि थांबली. गल्लीतून भंगारवाला ओरडत गेला. त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत ती थांबली. आई वाट बघत होती, पुढं विचारत नव्हती, मागंही सरत नव्हती.

"इट इज कॅन्सर."

एवढ्या शब्दाला भाषांतर लागत नाही. मुक्ताबाई ऐकून घेऊन नुसती बसली. 'होईल' हा शब्द प्रतिक्षाच्या जिभेच्या टोकावर आला होता, तो तिनं दातांखाली धरून ठेवला. मग आईनंच हात पुढं करून तिच्या हातातलं कार्ड काढून घेतलं आणि उशाला ठेवलं.

"बार्शीला दातासाठी नेत्यात व्हय गं?" ती मराठीत म्हणाली. "मला कवाच कळलंय."

"मग विचारलं का न्हाईस?"

"कसं इचारू? आपल्यात कोन इचारतं? तुमी दोगं माज्यासमोर हसत व्हता. मीबी हसायची. लई एकटं वाटायचं, पोरी. तुज्या त्या इंग्रजीत इचारायला सोपं गेलं."

मग प्रतिक्षा रडली. इतक्या दिवसांचं, उभ्यानं काढलेल्या वर्षांचं, सगळं एकदमच आलं. मुक्ताबाईनं तिला रडू दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि थोड्या वेळानं म्हणाली, "परीक्षेत असं रडू नको. मार्क जातील."

तिसरी परीक्षा तिनं पुढं ढकलली. आता ढकलली तरी कुणापासून काही लपवायचं राहिलं नव्हतं. नियमाप्रमाणं एकनाथ सरांना तिनं फोन करून सांगितलं, की जिवंत माणसावर वापरलं. कुणावर ते सांगितलं तेव्हा सरांनी परीक्षेचा विषयच सोडला, आईला बार्शीला कधी नेणार एवढं विचारलं. सुमित मात्र चिडला, चार दिवस फुगून बसला आणि सोमवारी सकाळी गाडी घेऊन सगळ्यांच्या आधी दारात हजर झाला.

बार्शीला गर्दी होती. बाकावर तिघं दाटीवाटीनं बसले. प्रतिक्षाच्या मांडीवर फाइल होती, आणि तिचे पाय नेहमीसारखे दुखत होते. दुपार कलायला लागली तेव्हा आतून एक सिस्टर बाहेर आली. हिच्यासारखीच, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी राहिली आणि म्हणाली, "मुक्ताबाई? पेशंटसोबत कोण आहे?"

सुमित उठला. प्रतिक्षाही सवयीनं अर्धी उठली. पण तिच्या आधी मुक्ताबाई पदर सावरत पुढं गेली होती.

"पेशंट मी हाय," ती म्हणाली. "काय सांगायचं ते मला सांगा." मग मागं वळून तिनं प्रतिक्षाकडं हात केला. "आन् सोबत ही हाय."

ती सिस्टर क्षणभर गोंधळली. तिनं प्रतिक्षाकडं बघितलं, मुक्ताबाईकडं बघितलं, आणि आत जाऊन दोघींसाठी दोन खुर्च्या पुढं सरकवल्या.